ग्रंथपाल काकूंना विचारा : "या विषयावर काहीच नाहीये म्हणे"

या महिन्यात पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप धरून जे काही आलं त्यातलं निम्मं समाजकार्याच्या पोरापोरींचं होतं, सिनॉप्सिस द्यायची वेळ झाली ना, म्हणून. तीन प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते लिहिताना मला स्वतःलाच राहवेना.

प्रश्न : काकू, नमस्कार. मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातलं एमए म्हणा) दुसऱ्या वर्षाला आहे, गाव केज तालुक्यात. आईवडील अजून कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात म्हणून ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण हाच विषय घेतलाय. गाईड सर म्हणतात रिव्ह्यूला, म्हणजे आधीच्या अभ्यासांच्या आढाव्याला, कमीत कमी ३० संदर्भ पाहिजेत. कॉलेजच्या लायब्ररीत विचारलं तर या विषयावर काहीच नाही म्हणाले. गुगलला नुसत्या बातम्या येतात. शोधगंगावर टाकून बघितलं, धड काही आलं नाही. इंग्लिश माझं जेमतेम. विषय बदलू का?

उत्तर : बदलायचा नाही. अजिबात नाही.

मी २७ वर्षं समाजकार्य कॉलेजच्या काउंटरला बसले आणि हा प्रश्न दरवर्षी ऐकला, "मॅडम, अमुक विषयावर पुस्तक आहे का?" मग काउंटरवरचा माणूस तेच शब्द कॉम्प्युटरला टाकतो आणि नाही म्हणून सांगतो, आणि त्याचं चूकही नसतं, कारण त्या नावाचं पुस्तक नाहीच, ते तर तू लिहिणारेस! सामान सगळं असतं पण ते भलत्याच कपाटात असतं. आपल्याकडं बहुतेक लायब्ऱ्यांत पुस्तकं ड्युईच्या नंबरांनी लावतात, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा. तू ३६१-३६२ च्या रॅकसमोर उभी राहिली असणार, समाजकल्याणाचं कपाट ते, समाजकार्यवाले तिथंच उभे राहतात. पण मजूर ३३१ ला, शाळा ३७१-३७२ ला, वस्ती आणि गाव ३०७ ला आणि ऊस स्वतः ६३३.६१ ला, म्हणजे शेतीच्या कपाटात, जिथं समाजकार्याचं पोर आयुष्यात फिरकत नाही. आणि मराठी कथा-कादंबऱ्या ८९१.४६ ला. ऊसतोडीवर मराठीत जे लिहिलं गेलंय त्यातलं बरंचसं त्या शेवटच्या कपाटात आहे हे लक्षात ठेव. रिव्ह्यूमध्ये कादंबरी चालते का ते गाईड सरांना विचार, पण वाच तर खरी.

आता शब्दांचं बघू, सगळा घोळ तिथंच आहे. एकाच गोष्टीला गावात एक शब्द असतो, सरकारी कागदावर दुसरा आणि अभ्यासकांचा तिसरा. बीड जिल्ह्यातलंच उदाहरण घे. बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचा विषय गाजला आणि २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींची ऑपरेशन्स झालेली निघाली. आता हे तू शोधणार कसं? गावात म्हणतात "पिशवी काढली". कागदावर "गर्भाशय शस्त्रक्रिया". जर्नलमध्ये "हिस्टेरेक्टॉमी". तू "पिशवी" टाकून शोधलंस तर किराणा दुकानं येतील.

तुझ्या विषयालाही तेच लाव. एक वही घे, तीन रकाने पाड. पहिला घरातला: कोयता, टोळी, मुकादम, उचल (आगाऊ घेतलेले पैसे), कोपी (झोपडी), फड, वाढं (उसाचा हिरवा शेंडा). दुसरा सरकारी: "शाळाबाह्य मुले", "हंगामी वसतिगृह", "स्थलांतरित मजूर", "शिक्षण हमी कार्ड". तिसरा इंग्रजीतला: सीझनल मायग्रेशन, डिस्ट्रेस मायग्रेशन, आउट ऑफ स्कूल चिल्ड्रन, शुगरकेन हार्वेस्टर्स आणि शुगरकेन कटर्स, दोन्ही टाकायचे, कारण काही लोक एक वापरतात काही दुसरा. आणि ऊसतोड हाच शब्द बघ, कुणी "उसतोड" लिहितं, कुणी "ऊस तोडणी", कुणी "ऊसतोडणी मजूर", मशीनला हे सगळे वेगळे शब्द. पहिला रकाना तुझ्याकडं जन्मापासून भरलेला आहे, मुंबईच्या पोरांना तो भरायला दोन महिने जातात, आणि तू विषय बदलू का विचारतेस!

शोधगंगावर काही आलं नाही त्याचं कारण पण हेच. पीएचडीचे प्रबंध तिथं टाकायचे हा यूजीसीचा नियम २००९ चा, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ते चालवतं, लाखांनी प्रबंध आहेत. पण मराठी प्रबंधाचं नाव तिथं कधी देवनागरीत असतं, कधी रोमन अक्षरांत आणि कधी इंग्रजी भाषांतर करून चढवलेलं, त्यामुळे "ऊसतोड"चं रोमन स्पेलिंग तीन-चार पद्धतीनं टाकून बघावं लागतं. शिवाय जुने प्रबंध जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा सरळ स्कॅन केलेले, म्हणजे तुझ्या डोळ्याला ते मराठी दिसतं पण कॉम्प्युटरच्या लेखी ती अक्षरंच नव्हेत, आतला शब्द त्याला सापडणारच नाही. म्हणून विद्यापीठ निवड, मग विभाग निवड (समाजकार्य, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि शिक्षणशास्त्र, चारही) आणि यादी हातानं खाली सरकवत नावं वाच. कंटाळवाणं आहे पण एका दुपारचं काम आहे. प्रबंध सापडला की तो एकसंध मिळत नाही, टायटल, सर्टिफिकेट, एकेक चॅप्टर अशा वेगवेगळ्या फायली असतात. पोरं पहिला चॅप्टर उघडतात आणि प्रस्तावना कॉपी करत बसतात. तू आधी बिब्लिओग्राफीची फाईल उघड. कुणीतरी चार-पाच वर्षं घालून जमवलेली यादी आहे ती, तुझे ३० त्यातूनच निघतील, आणि त्या ३० पैकी दहा नीट वाचलेस तरी मी सरांच्या वतीनं तुला पास करते.

आता शासन निर्णय, म्हणजे जीआर. मला विचारशील तर हे सगळ्यात दुर्लक्षित सामान, आणि सगळं मराठीत! महाराष्ट्र शासनाच्या जीआरच्या साइटवर जायचं, विभाग निवडायचा. तुझ्यासाठी शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, आणि दुसरा सामाजिक न्याय व विशेष सहाय्य, कारण गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांची संत भगवानबाबा वसतिगृह योजना या दोन्हीचे कागद तिकडं आहेत. एक जीआर सापडला की त्याच्या डोक्यावर बघ, "वाचा" किंवा "संदर्भ" असं लिहून खाली १, २, ३ करून आधीचे जीआर तारखेसकट दिलेले असतात. मग त्यातला पहिला शोधायचा, त्याच्या डोक्यावर परत बघायचं. असं करत करत मागं जायचं. आमच्या एका विद्यार्थिनीनं असं एका वसतिगृह योजनेचं मूळ गाठलं होतं, वाटेत योजनेचं नाव तीनदा बदललेलं, पैसे कोण देणार ते दोनदा बदललेलं, आणि तिचा अख्खा एक चॅप्टर त्याच्यावर झाला, तोही एका पुस्तकाचा आधार न घेता. जीआरवरचा तो लांबलचक संगणक सांकेतांक असतो ना, तो उतरवून घे, परत शोधायला तोच कामी येतो.

गावातले आकडे पाहिजे असतील तर जनगणनेचं जिल्हा पुस्तक आहे, गावागावात शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी काय आहे ते त्यात मिळतं, पण ते २०११ चं. २०२१ ची झालीच नाही, त्यामुळे वापरताना साल ठळक लिही. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" निघतं, आणि दरवर्षी बजेटच्या आधी येणारी "महाराष्ट्राची आर्थिक पाहणी", तीपण मराठीत मिळते. मात्र किती मुलं आईबापाबरोबर गेली आणि किती हंगामी वसतिगृहात राहिली हे तुला पंचायत समितीतच मिळेल, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात. आधी साधं पत्र घेऊन जा. नाही दिलं तर माहिती अधिकार, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज. उत्तराला ३० दिवस धर आणि अपिलात गेलं तर त्याच्यापुढं, म्हणून हा अर्ज आत्ता टाकायचा. सबमिशनला आठ दिवस राहिलेत आणि माहिती अधिकार टाकू का विचारणारी पोरं मी पाहिलीत.

जर्नल्सचं थोडक्यात सांगते. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" सुरू झालीये, ३० प्रकाशकांची मिळून १३ हजारांच्या आसपास जर्नल्स, पण ती सरकारी संस्थांसाठी. तुझं कॉलेज त्यात आहे का, नसेल तर एन-लिस्टचा (कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स आणि पुस्तकं देणारी सोय) आयडी मिळतो का, हे ग्रंथपालांना विचार. कॉलेजात काहीच नसेल तर विद्यापीठाच्या लायब्ररीत दोन दिवस जाऊन बस. घरी बसून वाचायचं तर जेस्टॉरवर फुकट खातं उघड, महिन्याला १०० लेख स्क्रीनवर वाचता येतात, ईपीडब्ल्यूचे, म्हणजे "इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली"चे जुने अंक तिथं आहेत, आणि समाजकार्याच्या माणसाला ईपीडब्ल्यूशिवाय गत्यंतर नाही. टिसचं (मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था) "इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क" १९४० पासून निघतंय, त्याचे जुने बांधलेले अंक बऱ्याच समाजकार्य कॉलेजांत धूळ खात असतात, तुमच्याकडं आहेत का बघ. आणि इंग्रजीची भीती वाटत असेल तर पारी बघ, पी. साईनाथांनी २०१४ ला सुरू केलेलं ते ग्रामीण भारताचं डिजिटल भांडार. ऊसतोडीवरचे लेख मराठीतून वाचता येतात, तोच लेख शेजारी इंग्रजीत उघड आणि दोन्ही समोरासमोर ठेवून वाच, तुझा तिसरा रकाना आपोआप भरतो. त्यांच्या लायब्ररी विभागात सरकारी अहवाल सारांशासकट ठेवलेत, ते वेगळंच.

अजून एक. एमएसडब्ल्यूचे डिझर्टेशन शोधगंगावर नसतात, तिथं मुख्यतः पीएचडीचेच प्रबंध. ते तुमच्याच कॉलेजात असतात, काळ्या नाहीतर मरून रेक्झिनचं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आणि बहुतेक ठिकाणी कुलपात. "ऊसतोडीवर काय आहे" असं विचारू नकोस, "जुन्या डिझर्टेशनचं कपाट उघडून द्याल का" असं विचार. उघडलं की शेवटचं परिशिष्ट आधी बघ, मुलाखत अनुसूची, म्हणजे लोकांना विचारलेल्या प्रश्नांची यादी, असते. कुठला प्रश्न फसलाय ते उत्तरांच्या टेबलावरून कळतं, जिथं शंभरपैकी ९८ जण "होय" म्हणालेत तो प्रश्न तू विचारू नकोस.

आणि गावातल्या शाळेतलं हजेरीपत्रक. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन दिवाळीच्या आधीचं, म्हणजे टोळ्या निघण्याआधीचं पान आणि नंतरचं पान शेजारी ठेव. मुलांची नावं उतरवून घ्यायची नाहीत, नुसते आकडे. हे कुठल्याच लायब्ररीत नाहीये.

प्रश्न : मी विद्यार्थी नाही, धारणी तालुक्यात एका संस्थेत काम करतो, बीएसडब्ल्यू करून दहा वर्षं झाली. संस्थेला मेळघाटातल्या कुपोषणावर एक रिपोर्ट लिहायचाय. अमरावती जिल्ह्याचे आकडे मिळतात पण ते आमच्या अनुभवाशी जुळतच नाहीत. आणि बाहेरच्या माणसाला मोठ्या लायब्रऱ्यांत घेतात का?

उत्तर : दादा, जुळणारच नाहीत. तुम्ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं, म्हणजे एनएफएचएस-५ चं (२०१९-२१) जिल्ह्याचं पत्रक बघत असणार. ते अख्ख्या अमरावती जिल्ह्याचं सरासरी चित्र आहे, त्यात अमरावती शहर आलं, अचलपूर आलं, वरुडची संत्र्याची गावं आली आणि त्या सगळ्यांत मिसळून धारणी-चिखलदरा, म्हणजे तुमचा मेळघाट आला. मेळघाट त्या सरासरीत बुडतो. आकडा खोटा नाहीये, तो तुमच्या प्रश्नाचा नाहीये. रिपोर्टमध्ये हे एका वाक्यात लिहा, आणि जिल्ह्याचा आकडा नुसता शेजारी ठेवा.

दुसरी भानगड पुन्हा शब्दांची. "कमी वजनाचं" मूल म्हणजे वयाच्या मानानं वजन कमी. "सॅम" (तीव्र कुपोषित) आणि "मॅम" (मध्यम कुपोषित) म्हणजे उंचीच्या मानानं वजन कमी, किंवा दंडघेर कमी. एकाच अंगणवाडीत एकाच दिवशी तीच मुलं मोजून या दोन पद्धतींनी वेगळे आकडे येतात, आणि मग पेपरात एक छापून येतो, मीटिंगमध्ये दुसरा सांगतात आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. कुठला आकडा कुठल्या मोजमापाचा ते आधी प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवा, मगच टेबल करायला घ्या.

लायब्रऱ्यांचं म्हणाल तर पहिली फेरी पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मारा, क्वीन्स गार्डनला आहे, ही आदिवासी विभागाचीच संस्था, मेळघाटातल्या कोरकू आदिवासींबद्दलचं जुनं साहित्य शोधायला तिथूनच सुरुवात करावी. पुण्याला गेलातच तर गोखले इन्स्टिट्यूटची धनंजयराव गाडगीळ लायब्ररी बघा, जुने सरकारी अहवाल बघायचे तर तीच. (हे तेच गाडगीळ जे प्रवरेच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे सुरुवातीचे चेअरमन होते. वरच्या केजच्या मुलीनं इकडं लक्ष द्यावं, उसाचा अर्थशास्त्रातला इतिहास या लायब्ररीत शोधायचा.) मुंबईत टिसची लायब्ररी देवनारला, आणि तिथनं हाकेच्या अंतरावर आयआयपीएस, एनएफएचएस करणारी संस्था तीच. बायकांच्या आरोग्यावर, त्यांच्यावरच्या हिंसेवर काही पाहिजे असेल तर मुंबईत सेहत ही संस्था.

बाहेरच्यांना घेतात, पण नियम आणि फी सगळीकडं वेगळी आणि बदलती, म्हणून आधी फोन करायचा. न्यायचं काय: संस्थेच्या लेटरहेडवर पत्र, त्यात "यांना लायब्ररी वापरू द्यावी" एवढंच न लिहिता विषय आणि किती दिवस ते लिहायचं, आधार कार्ड, दोन फोटो. पुस्तक घरी देणार नाहीत, बसून वाचायचं, झेरॉक्सला मर्यादा असते. पहिल्या दिवशी सकाळी संदर्भ विभागातल्या माणसाशी दहा मिनिटं बोला. अहो तो माणूस वाटच बघत असतो कुणीतरी चार्जिंगचा पॉइंट सोडून दुसरं काहीतरी विचारेल म्हणून.

आणि हायकोर्ट विसरू नका. मेळघाटातल्या कुपोषणावर मुंबई हायकोर्टात वर्षानुवर्षं जनहित याचिका चालू आहेत, त्यातले आदेश कोर्टाच्या साइटवर मिळतात, आणि सरकारनं कोर्टापुढं काय कबूल केलं हे त्या आदेशांत असतं.

प्रश्न : काकू, मी रत्नागिरीची, नोकरी करत इग्नूतून एमएसडब्ल्यू करतेय. जवळ लायब्ररी नाही. एआयला विचारलं तर त्यानं छान २० संदर्भांची यादी दिली, लेखक, साल, जर्नल सगळं. ती तशीच टाकली तर चालेल ना?

उत्तर : नाही गं बाई. गेल्या वर्षी एक मुलगा अशीच यादी घेऊन माझ्याकडं आला, १२ पैकी पाच लेख जगात कुठंच नव्हते. जर्नल खरं, लेखकही खरे, पण त्या लेखकानं तो लेख लिहिलेलाच नाही! आणि त्यातला एक लेखक त्याच्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला येणारा होता.

प्रत्येक नाव गुगल स्कॉलरला अवतरण चिन्हात टाक. सापडलं नाही तर काढ. सापडलं तर उघड आणि निदान सारांश वाच, कारण कधीकधी लेख खरा असतो पण त्यात एआय म्हणतो ते नसतंच. एआयकडून घ्यायचंच असेल तर शब्द घे, माझ्या त्या तिसऱ्या रकान्यातले, त्यात तो हुशार आहे. शोधायचं काम तू कर.

घरबसल्याचं म्हणशील तर इग्नूची सगळी एमएसडब्ल्यूची पुस्तकं ईज्ञानकोशवर फुकट आहेत, ती तुझ्याकडं असतीलच. ईपीजी पाठशाळेत समाजकार्याचा अख्खा विषय आहे, मोड्यूल छोटे छोटे, लोकलच्या प्रवासात होतील (तुमच्याकडं लोकल नाही, एसटीत होतील). नॅशनल डिजिटल लायब्ररी, आयआयटी खरगपूरवाली, त्यात नाव नोंदव. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, व्याख्या मराठीत लिहायची वेळ आली की तो उघडायचा. संदर्भ जमवायला झोटेरो हे फुकटचं सॉफ्टवेअर घे, देवनागरी नावं पण नीट धरतं, पहिल्या दिवसापासून त्यात टाकत जा म्हणजे शेवटच्या रात्री "हे कुठं वाचलं होतं" करत रडायची वेळ येणार नाही. आणि लेख पैसे मागत असेल तर लेखकाला सरळ मेल टाक, चार ओळी, मी कोण, विषय काय, लेख मिळेल का. बरेच जण पाठवतात, कुणीतरी वाचतंय याचाच त्यांना आनंद असतो.

जवळ लायब्ररी नाही हे मात्र मला पटलं नाही. आपल्याकडं १९६७ च्या कायद्यानं गावोगाव अनुदानित सार्वजनिक वाचनालयं झालीत, अ, ब, क, ड वर्ग असतात त्यांना, तुमच्या जिल्ह्यात कितीतरी आहेत. समाजकार्याची टेक्स्टबुकं नाही मिळणार, पण जुन्या साप्ताहिक-मासिकांच्या फायली, स्थानिक पेपरांचे गठ्ठे, गावाच्या इतिहासावर कुणा निवृत्त मास्तरांनी स्वखर्चानं छापलेली पुस्तकं, असं जे नेटवर कधीच येणार नाही ते तिथं असतं. तुझा विषय काय ते तू लिहिलंच नाहीयेस. ते कळव, आणि ती एआयची यादीपण पाठव, किती खरी निघतात ते मला बघायचंय.